पायातल्या काट्याची बातमी जांघेला कोण देतं?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मिरकरवाड्याहून एक साठीचे काका लंगडत दवाखान्यात आले. मासेमारी बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. जाळं सोडवताना शिंगाळ्याचा काटा पायात घुसला होता आणि त्याला तीन दिवस झाले होते. पाऊल सुजून लालबुंद, हात लावला तर गरम, आणि जांघेत लिंबाएवढं अवधाण आलेलं. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, सूज उतरवणारं इंजेक्शन द्या. उद्या बोटीवर जायचंय."

मी अवधाण दाबून पाहत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "लागलं पायाला. मग ह्या गाठीला कुणी जाऊन सांगितलं?"

दवाखान्यात गर्दी होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. पण प्रश्न साधा नव्हता. त्याचं नीट उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला शंभरहून जास्त वर्षं लागली, आणि त्या शोधाच्या वाटेवर आपली मुंबईही लागते. ते उत्तर आज सविस्तर देतो.

सूज दिसत होती, आतलं दिसत नव्हतं

लाली, उष्णता, फुगवटा आणि ठणका ही सुजेची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. काकांच्या पायात चारही होती. पण सुजेच्या आत नेमकं काय चालतं आणि पू कुठून येतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. खराब झालेलं मांसच विरघळून पू होतो, असा पुष्कळांचा समज होता.

सूक्ष्मदर्शक चांगले झाले तसं चित्र बदललं. १८४६ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाची पातळ जीभ भिंगाखाली पसरली आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडताना पाहिल्या. १८६७ मध्ये जर्मनीत ज्युलियस कोनहाइम यांनी हेच अधिक पद्धतशीरपणे दाखवलं. पू म्हणजे विरघळलेलं मांस नव्हे, तर रक्तातून बाहेर आलेल्या पांढऱ्या पेशी, हे त्यामुळे पक्कं झालं. पण या पेशी तिथे कशाला येतात? पाण्यासारख्या नुसत्या पाझरतात, की काही कामासाठी येतात?

१८८२ च्या डिसेंबरात इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी राहणाऱ्या इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यांनी बागेतल्या गुलाबाचा काटा टोचला आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी पाहतात तर अळीच्या फिरत्या पेशींनी काट्याला चारी बाजूंनी घेरलं होतं. अळीला ना रक्तवाहिन्या, ना मज्जारज्जू. तरीही पेशी काट्यापर्यंत पोचल्या होत्या. यावरून मेचनिकॉफ यांनी मत मांडलं, की सूज हा आजार नसून शरीराने सुरू केलेला बचाव आहे.

पुढे १८८८ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने सशांच्या डोळ्यांवर प्रयोग केले. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तरी त्याच्या मध्यभागी बुरशीचा संसर्ग केला, की पांढऱ्या पेशी कडेच्या रक्तवाहिन्यांतून निघून नेमक्या तिकडेच सरकत जातात, असं त्यांना दिसलं. पेशींना ओढणारं काहीतरी रसायन जखमेतून पसरत असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बरोबर होता, पण ते रसायन हाती यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागणार होती.

मेचनिकॉफ यांचा विद्यार्थी मुंबईत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. जोराचा ताप आणि जांघेत किंवा काखेत सुजलेली गाठ ही त्याची खूण. घाबरलेली माणसं मिळेल त्या वाटेने शहर सोडून गावाकडे पळाली, त्यांत आपले कोकणी गिरणी कामगारही होते. गाठ या शब्दाची तेव्हा बसलेली भीती आमच्या आजीच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं टिकून होती.

ऑक्टोबरमध्ये सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. हाफकिन ओडेसा विद्यापीठात मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही गुरूच्या मागोमाग गेले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या थोड्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिलाच आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो.

त्या काळात युरोपात मोठा वाद चालू होता. मेचनिकॉफ यांचा गट म्हणे, रोगाशी लढतात त्या पेशी. विरोधी गट म्हणे, लढतात ते रक्तातल्या द्रवातले पदार्थ. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिक या दोन्ही बाजूंच्या प्रमुखांना मिळून दिलं गेलं. आज मागे वळून पाहिलं तर तो निवाडा योग्यच वाटतो. लढायला येतात त्या पेशी, पण त्यांना बोलावतात ते द्रवातले रेणू.

प्रत्येक पेशीला वेगळं बोलावणं

१९६२ साली स्टीफन बॉयडन यांनी एक सोपं उपकरण बनवलं. दोन कप्पे आणि मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. वरच्या कप्प्यात पांढऱ्या पेशी ठेवायच्या, खालच्यात तपासायचा पदार्थ, आणि किती पेशी पडद्यात उतरल्या ते मोजायचं. आता 'ओढ' मोजता येऊ लागली. जंतूंचे तुकडे पेशींना ओढतात, रक्तातली काही प्रथिनंही ओढतात, हे कळलं.

पण आम्हा डॉक्टरांना रोज दिसणारी एक गोष्ट यातून सुटत नव्हती. गळवाच्या पुवात न्यूट्रोफिल पेशींचा खच असतो. क्षयाच्या गाठीत लिम्फोसाइट आणि मोनोसाइट जमतात. ॲलर्जीच्या सर्दीत नाकात इओसिनोफिल सापडतात. सगळ्या एकाच रक्तात फिरतात. मग प्रत्येक ठिकाणी ठरावीकच पेशी का उतरतात?

उत्तर १९८७ मध्ये मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तेइझो योशिमुरा आणि सहकाऱ्यांनी एक लहानसं प्रथिन वेगळं काढलं. ते मुख्यतः न्यूट्रोफिलना बोलावतं. त्याच सुमारास स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या गटांनाही तेच प्रथिन सापडलं. आज आपण त्याला इंटरल्युकिन-८ म्हणतो. दोनच वर्षांनी मोनोसाइटना बोलावणारं वेगळं प्रथिन मिळालं. मग रांगच लागली. या कुटुंबाला 'केमोकाइन' हे नाव पडलं. माणसात असे जवळजवळ ५० केमोकाइन आहेत. ते ओळखणारे रिसेप्टर पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात, त्यांचे प्रकार सुमारे २०. ज्या पेशीवर जो रिसेप्टर, तिला तेवढीच हाक ऐकू येते.

हे चालतं कसं? बंदरावरचं मांजर आठवा. मासळीची टोपली दिसत नसली तरी ते चुकत नाही. वास जिकडे जास्त, तिकडे एक पाऊल. पांढरी पेशीही असंच करते. जखमेजवळ केमोकाइन दाट असतं, दूर जावं तसं विरळ. पेशी दाट बाजूकडे सरकते.

पण आधी तिला धावत्या रक्तातून उतरायला हवं. जखमेजवळच्या बारीक शिरेची आतली भिंत थोडी चिकट होते. पेशी तिच्यावरून घरंगळू लागते, वेग कमी होतो. तेवढ्यात भिंतीवर लावलेलं केमोकाइन तिच्या रिसेप्टरला लागतं. ती जागीच घट्ट थांबते, चपटी होते आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. काकांच्या पावलात तीन दिवस हेच चाललं होतं. शिरा रुंद झाल्या म्हणून लाली आणि उष्णता, द्रव पाझरला म्हणून फुगवटा.

आणि जांघेतलं अवधाण? कातडीत डेंड्रिटिक नावाच्या पेशी पहारा देत असतात. काट्याबरोबर जंतू आत आले की त्या जंतूचा तुकडा उचलतात आणि स्वतःवरचा रिसेप्टर बदलतात. आता त्यांना कातडीची नव्हे, तर लसिका वाहिन्यांची आणि गाठीची हाक ऐकू येते. या नव्या रिसेप्टरचं नाव सीसीआर-७. तो नसलेल्या उंदरांत या पेशी गाठीपर्यंत नीट पोचतच नाहीत, हे १९९९ मध्ये दिसून आलं. म्हणजे काका, गाठीला सांगणारा निरोप्या खरोखरच पायापासून जांघेपर्यंत जातो, आणि बरोबर पुरावाही नेतो. निरोप मिळाला की गाठीत लढणाऱ्या पेशींची संख्या वाढते. म्हणून ती फुगते आणि दुखते.

आपल्याआधी जंतूंना कळलेला पत्ता

या इतिहासातला मला सगळ्यात चकित करणारा भाग मलेरियाचा आहे. सुरुवात होते एका रक्तगटापासून.

१९५० साली इंग्लंडमध्ये वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या एका हिमोफिलियाच्या रुग्णात नवा रक्तगट सापडला. त्याच्या आडनावावरून त्याला 'डफी' नाव पडलं. दोनच वर्षांनी मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. डफीचं नाव मात्र रक्तपेढीबाहेर फारसं कोणी ऐकलेलं नसतं.

डफीला महत्त्व आलं ते १९७० च्या दशकात. पश्चिम आफ्रिकेत व्हायवॅक्स मलेरिया जवळजवळ दिसत नाही, आणि तिथल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतो. लुई मिलर यांनी १९७५ आणि १९७६ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. व्हायवॅक्सचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना डफीला धरतो. डफी नसेल तर बहुतेक वेळा त्याला आत जाता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या पेशींवर डफी असतो, त्यामुळे हा दरवाजा आपल्या घरी उघडाच आहे.

पण डफी तिथे असतो कशासाठी? मलेरियाची सोय म्हणून तर नक्कीच नाही. १९९१ मध्ये काही संशोधकांच्या लक्षात आलं, की तांबड्या पेशी रक्तातलं जादा इंटरल्युकिन-८ शोषून घेतात. मग १९९३ मध्ये रिचर्ड होरुक, चेतन चिटणीस, लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही धागे जोडले. तांबड्या पेशीवरचं केमोकाइन पकडणारं प्रथिन आणि डफी हे एकच निघालं. प्रयोगशाळेत त्यांनी तांबड्या पेशींवर आधी केमोकाइन सोडलं, तेव्हा व्हायवॅक्सचा जवळचा भाईबंद असलेल्या माकडांच्या मलेरियाच्या परजीवीला पेशीत शिरणं जमेना. जागा आधीच अडवली गेली होती.

डॉ. चेतन चिटणीस आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्र शिकले आणि पुढे जीवशास्त्राकडे वळले. परजीवीच्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग डफीला धरतो, हे त्यांनी आणि मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. दिल्लीत परतून त्यांनी त्याच भागावर लस करण्याचं काम अनेक वर्षं नेटाने चालवलं. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, जिथे एकेकाळी मेचनिकॉफ आणि हाफकिन काम करत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ही लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात परजीवी वाढण्याचा वेग सुमारे निम्म्यावर आला. लस बाजारात यायला अजून वेळ आहे, पण दरवाजा ओळखला गेला आहे.

आणि हा एकटाच चोर नाही. १९९६ मध्ये कळलं, की एचआयव्हीचा विषाणूही सीसीआर-५ या केमोकाइन रिसेप्टरला धरून पेशीत शिरतो. काही युरोपीय लोकांत हा रिसेप्टर जन्मतःच नसतो आणि त्यांना हा संसर्ग सहसा होत नाही. तो दरवाजा अडवणारं औषध २००७ मध्ये आलं. शरीराच्या पत्त्यांची वही आपल्या हाती पडली ती गेल्या चाळीस वर्षांत. जंतूंनी ती केव्हाच वाचली होती.

मग सूज उतरवायची की नाही?

आता काकांच्या इंजेक्शनकडे येतो. त्यांना हवं होतं ते स्टेरॉइड. आधी कुठेतरी कंबरदुखीसाठी घेतलेलं होतं आणि 'एका रात्रीत फरक' पडला होता. स्टेरॉइड इतर कामांबरोबर हाही उद्योग करतं: केमोकाइन तयार होणं कमी करतं. हाक बंद झाली की पेशी येत नाहीत, लाली ओसरते, ठणका थांबतो. पण काट्याचा तुकडा आणि जंतू आतच राहतात, आणि त्यांना आता अडवायला कोणी नसतं. अशा 'बऱ्या झालेल्या' पायांत आठवड्याने पसरलेला पू मी पाहिला आहे, आणि मधुमेह असलेल्यांत त्याची किंमत कधी कधी बोटं गमावून मोजावी लागते.

म्हणजे स्टेरॉइड वाईट का? मुळीच नाही. कधी कधी बोलावणं थांबतच नाही आणि आलेल्या पेशीच घर मोडू लागतात. दमा, संधिवात, आणि कोविडमधली फुप्फुसं ही त्याची उदाहरणं. २०२० च्या इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे जीव वाचवले. पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा झाला नाही. औषध तेच, फरक होता वेळेचा आणि गरजेचा. तो ठरवण्यासाठी रुग्णाला तपासावं लागतं. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी किंवा नाव नसलेली पुडी घेऊ नका.

लक्षात ठेवण्यासारखं थोडंसंच आहे. काटा किंवा पत्रा लागून सूज आली, तर जखम धुवा, आत काही राहिलंय का ते दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते पाहा. लाली वर सरकत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा जखम समुद्राच्या पाण्यातली असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी या. जखम बरी झाल्यावरही गाठ तीन-चार आठवडे राहिली, किंवा जखमेशिवायच आली, तर तीही दाखवा. आणि व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर ताप दोन दिवसांत उतरला तरी प्रायमाक्विनचा डॉक्टरांनी सांगितलेला १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा. परजीवी यकृतात लपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा त्याच डफीच्या दारातून शिरतो. गरोदर असाल किंवा जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, तर मात्र हे औषध सुरू होण्याआधीच सांगा.

काकांच्या पायातून त्या दिवशी अर्ध्या सेंटिमीटरचा काट्याचा तुकडा निघाला. प्रतिजैविक दिलं, पाय उंच ठेवायला सांगितलं. त्यांची बोट त्यांच्याशिवाय गेली, त्यामुळे माझ्यावर थोडा राग होता. पाचव्या दिवशी चपला घालून, न लंगडता आले. पाऊल उतरलं होतं, अवधाण सुपारीएवढं उरलं होतं. ते चाचपत म्हणाले, "हे अजून आहेच की."

मी म्हटलं, "राहू दे चार दिवस. निरोप मिळालाय, काम संपलं की जाईल."